रिमवर्ल्डमधल्या विजा आणि वणवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर असा आमचा रिमवर्ल्ड खेळणाऱ्यांचा गोतावळा आहे. रिमवर्ल्ड हा संगणकावरचा खेळ: परक्या ग्रहावर माणसांची वस्ती, म्हणजे कॉलनी, वसवायची आणि जगवायची. कुणी कॉलेजात आहे, कुणी महापे-तुर्भ्याच्या ऑफिसातून रात्री घरी येऊन खेळतं. नवीन माणूस आला की थोड्याच दिवसांत त्याचा मेसेज येतो, "वीज पडली आणि अख्खी कॉलनी जळाली, काय करायला हवं होतं?" प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. सगळं मूळ खेळाबद्दल आहे. मॉडचा, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडभागांचा, विषय निघाला की तसं सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. या खेळात कॉलनी विजेमुळे जात नाही. ती जाते दाराला टेकलेल्या वाळक्या गवतामुळे, लाकडी भिंतींमुळे आणि जी आग तशीच जळू द्यायला हवी होती ती विझवायला माणसं धाडल्यामुळे. आग लागण्याआधी जमिनीवर केलेलं काम हाच खरा बचाव.

वीज नेमकी कुठे पडते?

उघड्यावर. खेळाचा नकाशा छोट्या चौकोनांचा असतो; ज्या चौकोनावर छत आहे तिथे वीज पडत नाही. खऱ्या जगात ती उंच झाड, टॉवर, टेकडीचा माथा शोधते. इथे उंचीचा काही संबंध नाही. छत नसलेला, माणूस उभा राहू शकेल असा कुठलाही चौकोन तिला चालतो. पडते तिथे आगीचा छोटा स्फोट होतो, शेजारच्या चौकोनांनाही झळ बसते, आणि गवत असेल तर पुढचं काम गवत करतं.

छताला सामान लागत नाही, फक्त भिंतीचा किंवा खांबाचा आधार हवा. म्हणून जे काही जपायचं आहे त्यावर छत घाला. अंगणात कापड, औषधं, लाकडं रचून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून मोडा.

फ्लॅशस्टॉर्म आणि साधं विजांचं वादळ यात फरक काय?

साध्या पावसाळी वादळात विजा नकाशावर इकडेतिकडे पडतात आणि सोबत पाऊस असतो, त्यामुळे आग लागली तरी फारशी पसरत नाही. कोरड्या वादळात, म्हणजे ड्राय थंडरस्टॉर्ममध्ये, विजा असतात पण पाऊस नसतो. फ्लॅशस्टॉर्म ही वेगळीच घटना आहे: नकाशाचा एक गोल पट्टा निवडला जातो आणि तिथे एकामागून एक विजा कोसळतात. तो पट्टा तुमच्या घरांवर आला तर त्रास, शेतावर आला तर मोठा त्रास, आणि दूरच्या जंगलावर आला तर बहुतेक वेळा नुसतं बघत बसायचं.

कोरडी वीज आपल्याकडच्या माणसाला पटत नाही, कारण आपला वळीव विजेसोबत पाणीही घेऊन येतो. पण कोरड्या हवेच्या प्रदेशात हे खरंच घडतं. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अशाच कोरड्या विजांनी शेकडो आगी लावल्या आणि त्यातल्या काही एकमेकींत मिसळून प्रचंड मोठ्या झाल्या. तेव्हा खेळ इथे थापा मारत नाही.

नवीन कॉलनीत आगीसाठी सर्वांत आधी काय करायचं?

जाळरेषा काढायची.

येऊरला किंवा खारघरच्या टेकड्यांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी फिरलेल्यांनी ती पाहिली असेल. वन विभागाची माणसं गवत, पालापाचोळा काढून किंवा आपणहून जाळून एक उघडा पट्टा तयार करतात. वणवा त्या पट्ट्याशी आला की त्याला खायला काही उरत नाही. रिमवर्ल्डमधली आग अगदी याच नियमाने चालते: जळण्याजोगं काही असेल तरच ती पुढच्या चौकोनावर जाते.

फरक एवढाच की खेळात नुसतं गवत कापून भागत नाही. माती उघडी राहिली की ते पुन्हा उगवतं, आणि पुढच्या वादळापर्यंत तुम्ही ते विसरलेले असता. म्हणून पट्ट्यावर फरशी घाला. फरशीवर गवत उगवत नाही. काँक्रीटला प्रत्येक चौकोनामागे एक स्टील लागतं. दगडी टाइलला चार विटा लागतात, पण दगड नकाशावर पडलेलाच असतो. दगडाच्या एका ढेकळातून वीस विटा निघतात, म्हणजे पाच चौकोनांची फरशी किंवा चार चौकोनांची भिंत. लाकडी फरशी, गालिचा आणि स्ट्रॉ मॅटिंग या कामाला वापरू नका, तिन्ही जळतात.

कॉलनीभोवती एकदम पूर्ण कडं करायला जाऊ नका. स्टील संपेल आणि माणसं महिनाभर फरशाच घालत बसतील. नकाशाकडे नीट बघा. नदी, तळं, डोंगराची कडा, उघडा खडक हे सगळं निसर्गाने फुकट दिलेलं आहे. जिथे गवत थेट घराला भिडतं तेवढ्याच फटी बुजवायच्या. हे नजरेत बसलं की कॉलनीची जागा निवडतानाच तुम्ही पाण्याला किंवा डोंगराला पाठ लावून बसाल, आणि तिथेच निम्मं काम झालेलं असेल.

जाळरेषा किती रुंद ठेवायची?

एका चौकोनाची रेषा पुरत नाही. आग बहुतेक वेळा शेजारच्या चौकोनावर जाते, पण मधूनच ठिणगी दोन-तीन चौकोन ओलांडून पडते. तीन ही कमीत कमी रुंदी धरा, जमलं तर चार. पट्ट्यावर झाड ठेवू नका, लाकडाचा ढीग ठेवू नका, वाळूच्या गोण्या ठेवायच्याच असतील तर दगडी बॅरिकेड करा.

वारा आणि चढ यांचा विचार करू नका. डोंगरावरचा खरा वणवा चढाच्या दिशेने झपाट्याने वर सरकतो. खेळातल्या आगीला चढउतार कळत नाही आणि वाऱ्याने ती वळतही नाही.

भिंती स्टीलच्या आहेत. मग तरी सुरक्षित ना?

नाही. लाकडापेक्षा कमी, पण रिमवर्ल्डमध्ये स्टील जळतं. हे ऐकून सगळ्यांनाच धक्का बसतो. दगडाच्या भिंती जळत नाहीत, प्लास्टील या खेळातल्या धातूच्याही नाहीत. पहिला निवारा लाकडाचा करायला हरकत नाही, पाऊसपाणी आणि थंडी यांपुरता तो हवाच. पण दगडकामाचं संशोधन उरकून घ्या आणि बाहेरच्या भिंती आधी बदला. आतल्या नंतर.

आणि दारं बघा. भिंत दगडी, दार लाकडी असं सर्रास दिसतं, कारण दगडी दार हळू उघडतं आणि येजा करणाऱ्यांचा वेळ खातं. बाहेरून गवताला लागून असलेलं दार दगडी करा. आतल्या येजा करण्याच्या दारांना दुसरं काही चालेल.

लाकडी भिंत जळून पडली की तिच्यावर टेकलेलं छतही कोसळतं आणि खालचा माणूस जखमी होतो. छत डोंगराच्या पोटातलं, जाड असेल तर जीवच जातो. डोंगरात कोरलेल्या मोठ्या दालनात आधाराला लाकडी खांब असतील तर आज रात्रीच बदला.

आग लागली आहे, आत्ता काय करू?

आधी स्पेसबार. खेळ थांबवा आणि आग कुठे आहे, ती कुठल्या बाजूने गवत धरून चालली आहे ते बघा. घाईत दिलेले हुकूम इथे फार महाग पडतात.

मग स्वतःला विचारा की ती आपल्यापर्यंत येणार आहे का. मध्ये नदी असेल, खडक असेल, जाळरेषा असेल तर जळू द्या. दूरचं जंगल जळताना बघवत नाही, लाकूड जातंय असं वाटतं, पण ते पुन्हा उगवतं. भाजलेला डॉक्टर मात्र आठवडाभर पलंगावर पडून राहतो.

येणार असेल तर पाळीव जनावरांना आत घ्या. त्यांच्यासाठी एक सुरक्षित एरिया आधीच आखून ठेवलेला असेल तर हे दोन क्लिकचं काम आहे. वाटेतल्या गवताचा एक पट्टा कापण्याचा हुकूम द्या. आगीपासून पुरेसं लांब, म्हणजे कापून होईपर्यंत ती तिथे पोचणार नाही इतकं.

ऐन वेळी माणसं ड्राफ्ट करून, म्हणजे थेट तुमच्या हुकमाखाली घेऊन, रेषेच्या आतल्या बाजूला, फरशीवर, रांगेत उभी करा. ही गोष्ट अनेकांना माहीतच नसते: ड्राफ्ट केलेला माणूस उभा असेल तिथून शेजारच्या चौकोनावरची आग आपोआप झोडपून विझवतो. त्याला मोकळं सोडलंत तर तो आगीच्या पोटात शिरतो, मागून दुसरी आग त्याला गाठते आणि तो पेटलेल्या अंगाने सैरावैरा पळत सुटतो. रांगेत उभं केलं तर तो फरशीवरच राहतो, आग समोरून एकेक चौकोन करत येते आणि तो तिला मारत राहतो. पाय जळणाऱ्या जमिनीवर नाहीत, पाठीमागे घर आहे, परतीची वाट मोकळी आहे. तीन माणसांची अशी रांग मोकळ्या सोडलेल्या आठ जणांपेक्षा जास्त काम करते.

माझी माणसं आग विझवायला जातच नाहीत. का?

बहुतेक वेळा कारण होम एरिया, म्हणजे नकाशावर 'आपलं' म्हणून आखलेला भाग. आग होम एरियाच्या आत असेल तरच माणसं आपणहून विझवायला जातात. बाहेरची आग त्यांना दिसत असूनही ती आपलं काम करत राहतात. शेत, बॅटरीची खोली, गोदाम हे सगळं होम एरियात आहे ना ते तपासा. वर्क टॅबमध्ये फायरफाइटचा पहिला रकाना बंद नाही ना तेही बघा. काही माणसं मात्र पूर्वायुष्यामुळे किंवा स्वभावामुळे हे काम करूच शकत नाहीत. त्यांचा रकाना मुळातच कोरा असतो.

आणि उलटं? नको तिथे धावत जातात.

तेच कारण, दुसऱ्या बाजूने. काहीही बांधलं की आजूबाजूचा भाग आपोआप होम एरियात जातो. दूरच्या वाफेच्या झऱ्यावर जनरेटर उभारला, तिथून वायर ओढत आणली, की जंगलातून एक लांब शेपूट होम एरियाला जोडली जाते. मग त्या टोकाला ठिणगी पडली तरी तुमचा स्वयंपाकी हातातलं काम टाकून नकाशाच्या दुसऱ्या टोकाला पळतो. उजव्या कोपऱ्यात खाली छोट्या चिन्हांची रांग असते, त्यातलं हे आपोआप वाढण्याचं चिन्ह बंद करा आणि होम एरिया हाताने आखा. त्याची कड जाळरेषेवर आणून ठेवा. जे वाचवायचं ते आत, जे जळू द्यायचं ते बाहेर.

बंद खोलीत आग लागली तर?

दार उघडं ठेवा आणि माणसांना जपून आत पाठवा. बंद खोलीत तापमान भयंकर वेगाने चढतं. ज्वाळा अंगाला न लागताही माणूस उष्माघाताने कोसळतो, आणि त्याला उचलायला गेलेला दुसराही कोसळतो. खोली लहान असेल, आत मौल्यवान काही नसेल आणि भिंती दगडी असतील, तर दार लावून तिला जळून संपू द्या.

पाऊस येतो का मदतीला?

येतो. नकाशावर मोठी आग असेल तर खेळ पावसाची शक्यता वाढवतो. म्हणूनच मोठ्या वणव्यानंतर आभाळ भरून आल्याचा अनुभव बऱ्याच जणांना आहे. पण फ्लॅशस्टॉर्म संपल्या संपल्या पाऊस येईल या भरवशावर हातावर हात ठेवून बसू नका. शिवाय पाऊस छताखालची आग विझवत नाही. गोदामाच्या आत पेटलेलं कापड बाहेर धो धो कोसळत असतानाही जळत राहतं.

पिकं कशी वाचवायची?

एकच मोठं शेत करू नका. तीन-चार तुकडे करा आणि मध्ये फरशीचे पट्टे टाका. चालायला रस्ता म्हणूनही ते कामाला येतात.

काय पेरता तेही बघा. तांदूळ लवकर येतो, त्यामुळे जळाला तरी पुन्हा पेरून हंगाम गाठता येतो. मक्याला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. कणसं भरत आलेलं शेत गेलं तर हिवाळ्याची तरतूदच जाते. मी तांदळाचे तुकडे बाहेरच्या बाजूला आणि मका आत, घरांच्या कुशीत ठेवतो. विजांचं वादळ सुरू झालं आणि पीक तयार असेल तर सगळं सोडून कापणीला लावा, पण फ्लॅशस्टॉर्मचा पट्टा शेतावरच असेल तर कुणालाही बाहेर पाठवू नका. वीज माणसाजवळ पडली तर तोही भाजतो.

बॅटऱ्या आणि वायरिंगचं काय?

बॅटरी उघड्यावर भिजली की शॉर्टसर्किट होतो. म्हणजे विजेच्या वादळात कोरडं असेल तर वरून आग, आणि पाऊस असेल तर बॅटरीतून आग. छत घाला, खोली दगडी करा, आत लाकूड ठेवू नका.

त्याशिवाय 'झ्झ्झ्ट' म्हणून ओळखली जाणारी घटना आहेच: वायरवर कुठेतरी स्फोट होतो आणि बॅटऱ्यांमध्ये साठलेली सगळी ऊर्जा त्यात जाते. साठा जितका मोठा, तितका स्फोट मोठा. म्हणून सगळ्या बॅटऱ्या एकाच जाळ्यावर ठेवू नका. निम्म्या स्विचच्या पलीकडे, भरून बंद ठेवा. आग लागून वायर तुटली तर हीच राखीव वीज फ्रीझर चालू ठेवते.

पवनचक्कीसमोरच्या मोकळ्या पट्ट्यात फरशी घाला. आग तिथून येत नाही आणि वारा अडवणारी झाडंही उगवत नाहीत.

फायरफोम पॉपर घ्यावा का?

हो, पण मोजक्या जागी: बॅटरीची खोली, केमफ्युएल (खेळातलं इंधन) आणि तोफगोळ्यांचं कोठार, दवाखाना. जवळ आग आली की तो आपोआप फुटतो आणि फेस पसरवतो. एकदाच चालतो, नंतर नवा बांधावा लागतो. शेताच्या कडेला पॉपरची रांग लावण्यापेक्षा तेच स्टील काँक्रीटला घाला.

केमफ्युएल आणि तोफगोळे आगीत फुटतात. ते मुख्य गोदामात कधीच नकोत. वेगळी, लहान, दगडी खोली करा.

बूमअलोप पाळावेत का?

या प्राण्यापासून केमफ्युएल मिळतं म्हणून मोह होतो. पण मेला की फुटतो आणि आग लागते, मग तो कळपात असो वा तुमच्या दारात. पाळायचे असतील तर फरशी घातलेल्या दगडी कुंपणात, घरांपासून लांब. रानटी बूमरॅट (तसेच फुटणारे उंदीर) आणि बूमअलोप जाळरेषेच्या आत चरत असतील तर पावसाची वाट बघा आणि भर पावसात त्यांची शिकार करा.

पायरोमेनियॅक माणूस कॉलनीत घेऊ का?

मी घेत नाही. तो आग विझवत नाही आणि मनात आलं की लावत सुटतो. कितीही कुशल डॉक्टर असला तरी तुमचा एक माणूस कायम त्याच्या मागे ठेवावा लागतो. सगळं दगडी झालेल्या, जुन्या कॉलनीत परवडेल. पहिल्या वर्षात नाही.

भाजलेल्या माणसांची काळजी?

भाजलेल्या जखमा इतर जखमांपेक्षा जास्त चिघळतात आणि दुखतातही खूप. रक्त कमी जातंय म्हणून दुर्लक्ष करू नका. स्वच्छ खोली, बरी औषधं, आणि पूर्ण बरं होईपर्यंत पलंग. पुढच्या खेपेसाठी डेव्हिलस्ट्रँडचे, म्हणजे खेळातल्या एका पिकाच्या धाग्याचे, कपडे शिवून ठेवा. उष्णतेपासून ते चांगलं संरक्षण देतात. पीक यायला वेळ फार लागतो, म्हणून लवकर पेरा.

आग शत्रूविरुद्ध वापरता येते का?

येते, आणि हल्लेखोरही तुमच्याविरुद्ध वापरतात, मोलोटोव्ह, म्हणजे फेकायच्या पेटत्या बाटल्या, घेऊनच येतात. त्यामुळे जाळरेषा फक्त विजेसाठी नाही. वेढा घालून बसलेल्या टोळीभोवतीचं वाळकं गवत पेटवलं तर त्यांची पळापळ होते. पण आधी आपली रेषा पूर्ण आहे याची खात्री करा.

तडितरक्षक बांधता येतो का?

मूळ खेळात नाही. मॉडमध्ये मिळतात. मला ते नको वाटतात. त्यामुळे जागा निवडण्याचा आणि जमीन राखण्याचा विचारच खेळातून निघून जातो.

येऊरला किंवा पारसिक टेकडीवर खरा वणवा दिसला तर?

हा प्रश्न आमच्यातल्या एका शाळकरी मुलीने विचारला होता, आणि तो इथे असायलाच हवा. झोडपून विझवायला जाऊ नका. खेळातल्या रांगेची युक्ती तिथे चालत नाही. खरा वणवा चढावर माणसापेक्षा वेगाने धावतो आणि आधी धुरानेच गुदमरायला होतं. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा, वस्तीजवळ असेल तर अग्निशमन दलाचा १०१. जागा नीट सांगा: कुठल्या बाजूचा उतार, जवळची पायवाट किंवा पाडा कुठला. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसांनी लावलेले असतात. टाकलेली विडी असते, न विझवलेली चूल असते, नवं गवत फुटावं म्हणून पेटवलेलं कुरणही असतं. त्या टेकड्यांवर सरपटणारे प्राणी, जमिनीवर घरटं करणारे पक्षी, सागाची कोवळी रोपं असतात, आणि खेळातल्यासारखं काही दिवसांत सगळं पुन्हा उगवत नाही.

बाहेर खऱ्या विजा कडकडत असताना खेळत बसलं तर चालेल का?

लॅपटॉप असेल तर चार्जर भिंतीतून काढा आणि बॅटरीवर खेळा. डेस्कटॉप असेल तर सेव्ह करून बंद करा, प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. राउटरची आणि केबलची वायरही काढा, कारण अतिरिक्त दाब तिथूनही येतो. सर्ज प्रोटेक्टर लहान धक्के झेलतो, जवळ पडलेली वीज नाही.

मे अखेरीस, वळीव सुरू झाला की पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये असू द्या, ते जवळपासच्या विजांची सूचना देतं. ते नसेल तर मोजा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागलं की किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर गच्चीवर किंवा बाल्कनीत थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. तेवढ्या वेळात कागदावर पुढच्या कॉलनीची जाळरेषा आखता येते.